आधी दिवा सोडायचा

हायड्रोजनचा रेणू घुम्या.
दोन सारखे अणू, दोन्हीकडून तोललेले;
थंडीत तो हूं की चूं करत नाही.
आकाशगंगांच्या पोटात त्याचेच ढिगारे
आणि आमच्या एकाही थाळीला तो ऐकू येत नाही.

म्हणून आम्ही कार्बन मोनॉक्साइडला विचारतो.
दहा हजारांत एखादा, पण बोलका.
नुसती कूस बदलली तरी
अडीच मिलिमीटरहून जराशी लांब
एक लहर सोडतो.
तो सापडला की बाकीचेही तिथेच असणार,
असं धरून चालतो.

हे मी अण्णांना सांगत होते,
हरिपुरात, पायरीवर, लॅपटॉप मांडीवर घेऊन.
अण्णा, म्हणजे नेमगोंडा चौगुले,
हळदीच्या पेवांत तेवीस वर्षं उतरलेले,
म्हणाले, "म्हंजे कंदील."

सोळा हात खोल, तोंड एका माणसापुरतं,
आत गवताचं अस्तर, हळकुंडं गळ्यापर्यंत.
झाकण काढलं की लगेच उतरायचं नसतं.
लांब बसायचं, पान लावायचं,
सावली सरकू द्यायची.
मग दोरीने कंदील.
जळत राहिला तर माणूस.
आतल्या हवेला ना वास, ना रंग,
काय ते ज्योत सांगणार.

पडद्यावर माझी आकाशगंगा.
तिला नाव नाही, यादीतला चार आकडी क्रमांक आहे.
मधली हजारेक प्रकाशवर्षं,
वेगावरून कापलेल्या एकशेवीस चकत्या:
आधीच्यांत आपल्याकडे येणारा वायू,
शेवटच्यांत पाठ फिरवून जाणारा.
भराभर सरकवल्या की
कुणीतरी घंगाळात हात घालून
पाणी ढवळतंय असं वाटतं.

"किती पोती?"
मी म्हटलं, उजेडाला एका आकड्यानं गुणायचं.
आकडा आपल्या शेजारच्या ढगांवरून काढलेला,
केंद्राजवळ नीट लागू पडत नाही,
तिथं सगळंच तापलेलं, घुसळलेलं.
"लागू पडत न्हाई तर गुणतीस कशाला?"
याचं उत्तर मी तीन पानांत लिहिलंय.
ते उत्तर नाही.

आणि ऐन मध्यावर एक भोक होतं.
सगळ्या रेषा त्याच्या काठाशी येऊन थबकत.
खाली माझी ओळ: केंद्रस्थानी वायू नाही.

अण्णांनी तिथं बोट टेकलं.
नखं आता साधी, पांढरी.
"हितं दिवा इझला व्हय?"
"हो."
"इझला म्हणून प्याव मोकळं म्हनत न्हाईत, पोरी.
इझतो तवाच आत कायतरी असतंय."

ब्याऐंशी साली भुजगोंडा दिवा न सोडता उतरला होता.
त्याला वर काढायला अण्णाच गेले,
तोंडाला ओला पंचा बांधून.
ती गोष्ट ते सांगत नाहीत.
त्या दिवशीही सांगितली नाही.

केंद्रात प्रखर काही पेटलेलं असेल
आणि त्याच्यापुढे थंड वायू उभा असेल,
तर बोलका रेणूही तोच उजेड गिळतो,
रेघ शून्याच्या खाली जाते.
कधी क्ष-किरणांनी तो फुटतो
आणि मुका तसाच राहतो, न मोजलेला.
मला हे माहीत होतं. मी हे शिकवते.
तरी 'नाही' लिहिलं,
कारण शब्दमर्यादा होती.

ओळ खोडली.
दुसऱ्या एका रेणूसाठी
सहा तासांचा अर्ज केला.

पेवं आता नाहीत.
पाच सालच्या पुरात पाणी शिरलं,
मग माती लोटली, वर प्लॉट पडले.
संध्याकाळी संगमाकडे जाताना
अण्णा कुणाच्याही पार्किंगमध्ये थांबतात,
टाच आपटतात, कान देतात.
"ह्ये पोकळ."
चार पावलं पुढे पुन्हा एकदा.
या वेळी बराच वेळ
काही बोलत नाहीत.